नोट्समध्ये लिहिलं होतं

"मॅडम, तुम्हाला स्क्रब टायफस आहे," डॉक्टर म्हणाले. माझ्या तापाचा तो आठवा दिवस होता आणि वॉर्डातला पाचवा. डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, शेजारच्या सात नंबरच्या बेडच्या फायलीतल्या नर्सेस नोट्सच्या पानाकडे बघत होते. कमरेच्या डाव्या बाजूला काळी खपली आहे, भोवती लाल कडं आहे, अशी नोंद तिथे दोन दिवसांपूर्वीच झाली होती. अक्षर इतकं वळणदार की मी पडल्यापडल्या ओळखलं. ते प्रणालीचं होतं, माझ्या विद्यार्थिनीचं.

मी गोंदियात नर्सिंगच्या मुलींना शिकवते. पोरी मला मागून जमदग्नी म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानच होता.

स्क्रब टायफस म्हणजे गवतात राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्याच्या चाव्याने येणारा ताप. चावला हे कळतही नाही. चाव्याच्या जागी काळी खपली धरते, तिला एस्कार म्हणतात. ती दुखत नाही, खाजत नाही आणि बहुतेक वेळा काखेत, जांघेत, छातीखाली, कमरेला अशा झाकल्या जागी असते. मी नणंदेच्या शेतावर धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे भातशेताच्या गवताळ बांधावर, बसून डबा खाल्ला होता, तेवढंच मला आठवतं. कमरेला काहीतरी लागलं होतं, पण मला तो परकराच्या नाडीचा काच वाटला. तीस वर्षं नर्स असून मलाच तसं वाटलं.

आधी डेंग्यूची तपासणी झाली, ती निगेटिव्ह आली. मलेरियाचीही तशीच. "वायरल है, मॅडम, उतर जाएगा," असं रोज कुणीतरी सांगून जाई. प्लेटलेट्स घसरल्या. मग क्रिएटिनिन वाढायला लागलं, म्हणजे किडनी थकल्याची खूण. डोकं असं दुखायचं की पडदा हलला तरी नको वाटे.

माझ्या शेजारी सात नंबरच्या बेडवर फुलनबाई होत्या, सालेकशाकडच्या. ताप तसाच, डोकेदुखी तशीच. त्यांची मुलगी कविता स्टुलावर बसून त्यांचे पाय चेपायची. पहिले दोन दिवस फुलनबाई माझी विचारपूस करायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांना माणसं ओळखू येईनात. चौथ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. कविता रडली नाही, तिने आधी आईच्या लुगड्याचा पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणाली मला स्पंजिंग करत होती, ओल्या कपड्याने अंग पुसत होती. तिचा हात कमरेशी थांबला.

"मॅडम, बाजूच्या बाईले बी असाच काळा डाग होता," ती म्हणाली. "मी लिहिलं होतं."

सरांना सांगितलंस का, हे मी विचारलंच नाही. उत्तर मला माहीत होतं, कारण ते मीच शिकवलं होतं. डॉक्टरांचा राउंड आला की खुर्ची सोडायची, फाइल छातीशी धरून मागे उभं राहायचं, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, जे दिसेल ते नीट अक्षरात लिहायचं. सहा महिन्यांपूर्वी याच प्रणालीने राउंडमध्ये मध्येच तोंड घातलं, तेव्हा अख्ख्या वॉर्डासमोर मी तिला माफीपत्र लिहायला लावलं होतं. नर्सच्या नोट्स डॉक्टर क्वचितच उघडतात हे मला माहीत नव्हतं असं नाही.

मी तिचा हात धरला आणि जा, सांग, म्हणाले. ती धावत गेली. दाराबाहेर तिचा "सर, थांबा" असा फाटका आवाज ऐकू आला.

डॉक्सिसायक्लिन सुरू झालं. या आजारावरचं हे साधं, जुनं औषध. तिसऱ्या दिवशी माझा ताप उतरला. त्याआधी दोनदा डायलिसिस झालं, म्हणजे किडनीचं काम यंत्राने केलं. मी वाचले. फुलनबाईंना हेच औषध खपली दिसली त्या दिवशी मिळालं असतं तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "खात्रीने नाही सांगता येत, मॅडम. पण चान्स होता." त्यांचेही डोळे खाली होते. त्यांनी त्या बाईंची कंबर कधी पाहिली नव्हती, आणि जिने पाहिली होती ती गप्प होती.

बरी झाल्यावर कळलं की प्रणालीने नर्सिंग सोडायचा अर्ज दिलाय. मी तो पुढे न पाठवता ठेवून घेतला. मग सालेकशाला गेले. कविता अंगणात धान पाखडत होती. मी सगळं सांगितलं. ती सूप खाली न ठेवता म्हणाली, "मंग तिनं सांगतलं काऊन नाही?"

"मी तिला गप्प राहायला शिकवलं होतं," मी म्हणाले.

हे वाक्य मी प्रिन्सिपॉलसमोरही उच्चारलं नव्हतं. मला वाटलं, आता ही हाकलून देईल. मी कसंबसं माझं येण्याचं कारण सांगितलं. कॉलेजात आम्ही सिम्युलेशन सुरू करणार होतो, म्हणजे खऱ्या वॉर्डाचा देखावा उभा करून शिकायचं. त्यात नर्सिंगच्या मुली, शिकाऊ डॉक्टर, लॅबची मुलं, सगळे एकत्र. तू पेशंटची मुलगी म्हणून त्या स्टुलावर बसशील का, असं मी विचारलं. तिने तारीख विचारून घेतली.

सरावासाठी आमच्याकडे रबरी पुतळा आहे. मी तो कपाटात ठेवला आणि स्वतः बेडवर झोपले. कमरेवरच्या माझ्या व्रणावरच काजळाने खपली रंगवली, भोवती कुंकू लावलं. केसपेपरवर फक्त 'बेड नंबर सात' लिहिलं. राउंड घेणाऱ्या शिकाऊ डॉक्टर मुलाला सांगून ठेवलं होतं की घाई करायची, कुणाकडे बघायचं नाही.

पहिल्या गटाने खपली पाहिली. सगळ्या मुली फाइल छातीशी धरून मागे उभ्या राहिल्या. राउंड निघून गेला. पेशंट दगावला असं जाहीर झालं. नोट्स तपासल्या तर खपलीची नोंद सुरेख अक्षरात होती. मी डोळे मिटून पडले होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कविताला काही बोलायचं आहे का, असं मी विचारलं. ती स्टुलावरून उठली नाही.

"माही माय मरून रायली होती," ती म्हणाली, "अन् तुमी लिहून रायल्या होत्या."

मागच्या रांगेतून प्रणाली उठली आणि न सांगता पुढच्या गटात येऊन उभी राहिली. या वेळी तिने खपली पाहिली, हातातली फाइल बेडवर ठेवली आणि "सर, थांबा" म्हणाली. तो मुलगा ठरल्याप्रमाणे पुढे चालू लागला. तिने त्याची बाही धरली. तो वळेपर्यंत सोडली नाही. एके काळी मी तिला यासाठी वर्गाबाहेर काढलं असतं. मी पेशंट होते, मला रडायची परवानगी नव्हती, तरी रडू आलं.

ताप उतरत नसेल तर आपल्या माणसाचं सगळं अंग उघडून बघा. जे दिसेल ते दाखवा, पुन्हा सांगा, कुणी रागावलं तरी सांगा.

कविताची गाडी संध्याकाळची होती. मला तिचे आभार मानायचे होते, पण कोणत्या तोंडाने मानणार? निघताना तिने केसपेपर हातात घेतला, वाचला, आणि पुन्हा असं करणार का, विचारलं. दर बॅचला, मी म्हणाले.

"मंग मायचं नाव लिवजा," ती म्हणाली. "नंबर नोका लिहू."

मी तिच्यासमोरच सात खोडलं आणि फुलनबाई लिहिलं.