बाबांना जाड वाटलेली मूठ

मंडळी, आज सकाळी माळा आवरताना दादाचा जुना वस्तरा सापडला. त्याचीच गोष्ट लिहितेय.

सत्तरच्या दशकात हिंगणीत आमच्या बाबांचं दाढी-कटिंगचं दुकान होतं. वस्तऱ्याच्या मुठी दादा घरीच म्हशीच्या शिंगाच्या करायचा. कानशीनं घासायचा, मग काचेच्या तुकड्यानं खरवडून पातळ करायचा. बाबा मूठ उन्हात धरायचे. शिंगातून पलीकडचं बोट दिसलं नाही, की मूठ जाड म्हणून गिऱ्हाइकांसमोर दगडानं ठेचायचे. “हे मूठ हाय का कुऱ्हाडीचा दांडा?” सगळे हसायचे.

तसली एक जाड मूठ दादानं बाबांनी ठेचायच्या आधीच लपवली आणि वस्तऱ्याला बसवली. बाबा वारले तेव्हा अंघोळीआधी त्यांची शेवटची दाढी त्यानं त्याच वस्तऱ्यानं केली. मी पाण्याची वाटी धरून होते. त्यांच्या कानाशी वाकून तो म्हणाला, “बोल न आता, बाबा. जाड हाय का?”

लोकांना वाटलं, रडतोय.

आज वस्तरा दादाच्या हातात दिला. आता तोही म्हातारा झालाय. त्यानं मूठ खिडकीतल्या उन्हात धरली आणि बराच वेळ पाहत राहिला.

“जाडच हाये,” म्हणाला. अंगणात गेला आणि दगडानं ठेचली.

मेलेला माणूस किती वर्षं जिंकत राहतो हो?