बांधावरचा तास
गुऱ्हाळाचा वास आला, की आमच्या छोट्या कला महाविद्यालयातली एक गोष्ट आठवते. तत्त्वज्ञानाला मी एकटीच होते. ऊसतोडीला वडिलांनी मला घरी ठेवलं, तर सर पलूसहून सायकलनं थेट रानात आले आणि बांधावर बसूनच शिकवायला लागले. फौजेतून निवृत्त झालेले वडील मोळी बांधता बांधता थांबले. “आवं सर, खोटं कवाच बोलू नये म्हणता, पण दुश्मनानं आपल्या जवानांचा ठिकाणा इचारला तर?” सर खूश झाले. “उद्या वर्गात या, तिथं भांडू.” दुसऱ्या दिवशी वडील कडक इस्त्रीचा सदरा घालून माझ्याआधी बाकावर हजर! त्यानंतर माझा एकही तास बुडला नाही. आता त्याच वर्गात मी शिकवते. संध्याकाळी घरी आले, की वडील विचारतातच, “काय ठरलं गं आज? खोटं बोलायचं का न्हाई?”