आयुर्वेदिक थेंब

माझी नणंद नागपूरहून निघाली तेव्हा तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, इथे कॅलिफोर्नियात हॉस्पिटलमध्ये होता आणि दिवसदिवस डोळे उघडत नव्हता. कॅन्सर हाडांत उतरला होता. मॉर्फिनने दुखण्याबरोबर माणसालाही झोपवलं होतं. निरोप घ्यायला एवढ्या लांबून येणाऱ्या बहिणीशी तो एक शब्द तरी बोलेल का, हीच मला धास्ती.

घरी असताना तो गांजाच्या अर्काचे थेंब घ्यायचा. डॉक्टरांनीच सुचवलेले. त्या थेंबांवर तो जेवायचा, झोपायचा, वर माझ्याशी भांडायचासुद्धा. पण ॲडमिट करताना मी बाटली पर्सच्या तळाशी दडवली. हॉस्पिटलमध्ये गांजा म्हणजे पोलीसच येणार, अशी माझी खात्री. सिटिझन होऊन आम्हाला कैक वर्षं झाली, पण व्हिसावर काढलेल्या काळात अंगात मुरलेली भीती पासपोर्ट बदलला म्हणून जात नाही. विचारू नका, विचारलं की नोंद होते, हा इथल्या आपल्या लोकांचा अलिखित धर्मच आहे. मीही तो निमूट पाळला.

ताई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, सुपारीलासुद्धा व्यसन म्हणणाऱ्या. भावाच्या उशाशी बसून राहिल्या, त्याच्या केसांतून हात फिरवत. मग कंगवा शोधायला त्यांनी माझी पर्स उघडली आणि बाटली त्यांच्या हाती लागली.

"हे काय गं?"

"आयुर्वेदिक आहे, ताई. भूक लागायला," मी म्हटलं. आपल्याकडे ज्याचा खुलासा करायचा नसतो ते आयुर्वेदिक असतं.

"मग देत काहून नाहीस?"

"इथे चालत नाही हो."

"कोण म्हणते? विचारलं का तू?"

मी काही बोलायच्या आत नर्स आली. ताईंनी बाटली तिच्यापुढे धरली आणि गॅदरिंगच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या इंग्रजीत ठणकावलं, की हे आमचं पारंपरिक औषध आहे, याने माझा भाऊ जेवतो, आणि त्याला ते मिळालंच पाहिजे. बाटलीवर ते हिरवं पान चांगलं ठसठशीत छापलेलं. ती परत घ्यायला मी हात पुढे केला.

नर्सने लेबल वाचलं, दार लोटून घेतलं आणि माझ्याकडे वळली. "हे आधी का नाही सांगितलं? इतक्या सिरियस पेशंटला आता हे अलाउड आहे, तसा लॉच आहे. स्मोकिंग नाही चालणार, ड्रॉप्स चालतील. डॉक्टरांचं लेटर आणा, बाटली लॉक-बॉक्समध्ये ठेवा, आणि ड्रॉप्स तुम्हीच द्या."

मी तिथेच रडले. सुटले एकदाची! आणि रागही आला, त्या जुनाट भीतीचा, जिने माझ्या नवऱ्याला इतके दिवस उपाशी ठेवलं.

थेंब सुरू झाले. डॉक्टरांनी मॉर्फिन बेताबेताने उतरवलं. एका दुपारी त्याने डोळे उघडले, ताईंकडे बघत राहिला. "तू कधी आली?" म्हणाला, आणि वरण-भात मागितला. ताईंनी माझ्या स्वयंपाकघरात रांधून डबा आणला. चार घास पोटात गेल्यावर स्वारी म्हणाली, मीठ कमी आहे. ताईंनी डोळे पुसले आणि त्याला सणसणीत दम भरला.

त्या संध्याकाळी गाडीत मी त्यांना थेंब कशाचे ते सांगून टाकलं.

"शाळेत मी पोरांना व्यसनमुक्तीची शपथ देत होती," त्या म्हणाल्या. "पण मी काय इथे त्याचं व्यसन सोडवायला आली आहे? उद्याचा डोस किती वाजता आहे, ते सांग."

पुढचे दिवस दोघांनी लहानपणीची भांडणं उकरून काढण्यात घालवले. मी कोपऱ्यात बसून ऐकायची. इतकं सुखाचं भांडण मी आजवर ऐकलं नव्हतं.

परतायच्या दिवशी ताई पलंगापाशी उभ्या राहिल्या. ही शेवटची भेट, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"येते रे," त्या म्हणाल्या.

त्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "ये. पोचली की फोन कर," तो म्हणाला. "मी जागा राहतो."