दृढीकरणाचा पहिला नंबर

मी मूळचा नांदेडचा. भूकंपानंतर चर्चच्या मंडळीबरोबर लातूरला आलो तो निवाऱ्याचे पत्रे ठोकायला, आणि राहिलो तो फिजिक्स शिकवायला. पुढं क्लासेसचं पीक असं माजलं की गल्लीत दगड मारला तर तो एखाद्या सरांनाच लागावा.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी दृढीकरणाचा वर्ग माझ्या गळ्यात घातला. प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, पहिल्यांदा घेण्याआधी तरुण मुलांनी मंडळीसमोर उभं राहून आपला विश्वास कबूल करायचा, त्याची ही तयारी. मी ती लातूरच्या पद्धतीनं केली. दर शनिवारी टेस्ट, दहा आज्ञांवर हमखास येणारे प्रश्न आणि दारावर नंबर. पाळकसाहेब ते नंबर वाचून म्हणाले, "सर, स्वर्गाची सीईटी कधी हाय?"

"तुम्ही फक्त निकाल बघा," मी म्हणालो. मी भलताच खुशीत होतो.

पहिला नंबर धर्माबादहून शिकायला आलेल्या एका मुलीचा. दृढीकरणाच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "सर, मी उद्या उभी राहणार न्हाई."

"काय कच्चं राहिलं? पुनरुत्थान?"

"ते समदं येतंय. रूमवरच्या पोरीशी बोलणं बंद हाय."

ती दुसरी मुलगी भूकंपात पडलेल्या गावची. बंद खोलीत तिचा जीव घाबरायचा, म्हणून दाराला कडी लावायची नाही. आमच्या पहिल्या नंबरनं एकदा मेसमध्ये टेबल गदागदा हलवून म्हटलं होतं, "पळ गं, आला." ती खरंच पळाली, खरकट्या हातानं, थेट रस्त्यावर. सगळी मेस हसली.

"आधी दुखावलेल्याशी समेट, मग वेदीवर अर्पण, हे वचन तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली. "टेस्टला बी आलतं."

आलं होतं. पण ते दोन मार्कांना होतं.

"उद्या उभी राहा," मी म्हणालो. "आईबाप यायलेत गावाहून. माफी सोमवारी माग."

"मग उद्या भाकर कशी घ्यावी, सर?"

मी तडक पाळकसाहेबांकडे गेलो. ते प्रभुभोजनाचे पेले पुसत होते. सगळं ऐकून म्हणाले, "तिला आधी माफी मागू द्या. आन् तुम्ही जरा बसा. तिच्यापेक्षा तुम्हीच जास्त हलायलात."

रविवारी बाकीचे उभे राहिले. उत्तरं पाण्यासारखी वाहिली. तिचे आईवडील पुढच्या बाकावर, नव्या कपड्यांत. आई दर मिनिटाला मागं वळून बघायची, मी दाराकडे. भाकर वाटायला सुरुवात झाली तेव्हा ती आली आणि माझ्या शेजारी टेकली.

"बोलली का?" मी कुजबुजलो.

"न्हाई. माझं समदं ऐकलं आन् आतून कडी लावली."

"मग झालं की. तू तुझं काम केलंस."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच कच्चा विद्यार्थी. "ती कधीच कडी लावत न्हाई, सर. आत भ्याली असंल. मी दाराशी जाऊन बसते, बाहेर कुणीतरी हाय एवढं कळू दे तिला."

भाकरीचं ताट आमच्यापर्यंत आलं. तिनं ते माझ्याकडे सरकवलं आणि निघून गेली.

उपासना सुटल्यावर तिची आई धावतच माझ्याकडे आली. "सर, पोरगी नापास झाली का ओ?"

"न्हाई ओ, ताई," मी म्हणालो. मग त्या दोघांना घेऊन मी तिच्या रूमच्या रस्त्याला लागलो.