दीड वाजता पोचणारी बस

चोरी नाही, मारामारी नाही, तरी ते प्रकरण आजही डोक्यातून जात नाही. मी तेव्हा कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात फौजदार होतो. एका सरकारी होमिओपॅथी दवाखान्यातला कंपाउंडर चिठ्ठ्या घेऊन ठाण्यात आला. दवाखान्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळ्या फुकट मिळायच्या. चिठ्ठी दर महिन्याला नवी लागायची. सहा चिठ्ठ्यांवरची सही डॉक्टरांची नव्हती. त्या चिठ्ठ्यांवरची सहाही माणसं अणशीकडच्या एकाच गावातली, म्हातारी.

कुणीतरी गोळ्या बाहेर विकतंय, असं मी धरून चाललो. पोलिसाला आधी वाईटच सुचतं. चिठ्ठ्या आणायची ती गावची आशा कार्यकर्ती. महिला कॉन्स्टेबलसमोर तिचा जबाब घ्यायला बसलो.

"सह्या कुणी केल्या, अक्का?"

"म्या केल्या."

"गोळ्या कुठं विकल्या?"

"साखरेच्या गोळ्या कोण इकत घेतंय, सायेब? म्हाताऱ्यांनी खाल्ल्या."

"मग त्यांना डॉक्टरांकडं न्यायला काय झालं होतं?"

"आमच्या गाडीतनं येऊन बघा एकदा."

खोटं बोलणारा विचारल्यापेक्षा जास्त बोलतो. ही तेवढंच बोलली. मला रागच आला. पण पुढच्या मंगळवारी साध्या कपड्यांत तिच्या गावी गेलो आणि तिथून बस धरली. दिवसाची ती एकच बस. जंगलातनं थांबत थांबत दवाखान्याशी दीडला पोचली. डॉक्टर फक्त मंगळवारी यायचे आणि एकला पुढच्या गावी निघायचे. औषधाची खिडकी मात्र चारपर्यंत उघडी. त्या गावच्या म्हाताऱ्यांना डॉक्टर भेटणं शक्यच नव्हतं.

अहवालात मी बसची वेळ लिहिली. सह्या खोट्या, तेही लिहिलं. ते लपवणं माझ्या हातात नव्हतं. डॉक्टरांनी प्रकरण पुढं नेलं नाही, पण बाईचं काम गेलं. बसची वेळ तीच राहिली.

दोनेक महिन्यांनी उळवीच्या जत्रेचा बंदोबस्त आटोपून येताना त्या गावात चहाला थांबलो. एका म्हातारीनं रिकामी बाटली माझ्या हातात ठेवली.

"तिला तुमी काढलासा. आता तुमीच आणा. गुण येतोय का न्हाई ते माझं मी बघीन."

गुण येतो का, हे मलाही ठाऊक नाही. तो माझा विषय नव्हे. पण बाटली परत करवली नाही. मंगळवारी वर्दीतच खिडकीवर गेलो. त्याच कंपाउंडरनं वहीत म्हातारीचं नाव बघून बाटली भरून दिली. चिठ्ठी मागितलीच नाही. मला लाज वाटली.

पुढं नोकरीत कुठलाही खोटा कागद समोर आला, की खरा मिळवायला माणूस पोचतो कसा, हे मी आधी बघू लागलो. त्या दिवशी माझ्या हातात तर खोटाही कागद नव्हता.