तीन केशरी रेघांची दुरडी

रिठदच्या रंगूबाई बुरडिणीला उभ्या जन्मात माणसं फारशी आवडली नाहीत. बांबू आवडायचा. बांबू चिरला की आतलं दिसतं, माणसाचं काय दिसतं, असं म्हणून ती पचकन थुंकायची. पंचवीस वर्षं तिनं दुरड्या विणल्या. विणलेली दुरडी शेणात भिजवलेली मेथी कालवून आतून लिंपायची, दोन उन्हं द्यायची, मगच काठावर पळसफुलांत रंगवलेल्या बांबूच्या तीन कांबट्या ओवायच्या. त्या केशरी रेघा दिसल्या की कारंज्याच्या बाजारात बाया दुरडी उलटून पाहत नसत.

पस्तीस सालच्या उन्हाळ्यात गावचा बडा शेतकरी जानराव दारात आला. बोटांत चार अंगठ्या, मिशीला अत्तर. पोरीच्या लग्नात अक्षता मिरवायला त्याला दुरडी हवी होती.

"बेगड लाव, आरसे लाव. शेण नको लावू. व्याही कारंज्याचे हायेत, शेण पाहून नाक मुरडतील."

"तांदूळ फटीतून गयतील, पाटील."

"तुले दुरडी मांगतली, अक्कल नाई मांगतली."

रंगूबाईनं त्याला पायापासून पगडीपर्यंत न्याहाळलं. नाटकातला राजा मुकुट उतरवल्यावर जेवढा उरतो, तेवढाच तिला तो दिसला.

"देऊन टाक वो," नवरा पुंजाजी कुजबुजला. "मोठा मानूस हाये."

"मोठं पोट हाये."

तिनं बेगड लावली, आरसे लावले. तीन कांबट्या मात्र ओवल्या नाहीत. जानरावाला ते कळलंही नाही, तो आरशात मिशी पाहत होता.

लग्नाच्या दिवशी वाजंत्री वाजली. करवली दुरडी डोक्यावर घेऊन मांडवात पोचली तेव्हा तिच्या केसांत अक्षता, खांद्यावर अक्षता, आणि मागच्या वाटेवर पिवळी रेघ टिपत आलेल्या कोंबड्या. दुरडीत मूठभर उरल्या होत्या.

"हे त्या रंगूचं काम!" जानराव गरजला. "सांगा साऱ्यायले, तिची दुरडी गयते!"

रंगूबाई मांडवाच्या कडेलाच उभी होती. पंचवीस वर्षांचं नाव त्या एका आरोळीत मातीत चाललं होतं.

"विहीनबाई, काठ पाहा," ती म्हणाली. "माह्या तीन रेघांची खून हाये का तिथं? शेण लावू नको, हे पाटलानंच सांगतलं."

विहिणीनं दुरडी फिरवून पाहिली. "नाई. आमच्या घरी रंगूबाईच्या चार दुरड्या हायेत. तीन रेघाच्या, शेणानं लिंपेल. एक दाना गयत नाई."

मांडव खो खो हसला. जानरावाची मिशी खाली आली.

रंगूबाईनं पुंजाजीला पाठवून घरची लिंपलेली दुरडी आणवली आणि जानरावाच्या अंगठ्यांच्या हातात दिली.

"पोरीसाठी देऊन राह्यली, तुमच्यासाठी नाई. धरा नीट. अन् नाक मुरडू नका, व्याही पाहून राह्यले."