विमानात टाकलेली दस्ती

अकोला-अमरावती एसटीत मी आयुष्यात कधी उभ्यानं प्रवास केलेला नाही. गाडी स्टँडवर लागली रे लागली, की खिडकीतून दस्ती (म्हणजे हातरुमाल) सीटवर टाकायची. जागा आपली! या कलेचा मला फार गर्व होता.

आमची लेक कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या एका बर्फाळ गावात नर्स आहे. तिला मुलगी झाली, म्हणून मी आणि बायको निघालो. शेवटचा टप्पा नऊ सीटच्या विमानाचा, आणि वादळामुळे ते दोन दिवस जागचं हललं नाही. एका खोलीच्या त्या विमानतळावर सगळे मुकाट बसून होते. कधीही विचारा, खिडकीवरची बाई म्हणे, "कदाचित दुपारी. कदाचित उद्या."

तिसऱ्या दिवशी आभाळ उघडलं. पण आजारी माणसं आधी, आमची नावं यादीच्या तळाशी! आणि दुसऱ्याच दिवशी नातीचं बारसं. सामान चढवताना विमानाचं दार उघडं दिसलं आणि माझ्यातला अकोलेकर उसळला.

"अवो, कुठी चालले?" बायको ओरडली.

"जागा धरतो! तू पिशव्या घे!"

"हे काय अकोल्याचं स्टँड हाय का? काहून लाज आणून राहिले?"

तोवर मी बर्फावरून घसरत जाऊन पुढच्या सीटवर दस्ती अंथरलीसुद्धा! वळतो तर मागे वैमानिक बाई, आणि तिचा हात धरून कुबडी टेकत आलेली एक आजी. ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले होते, तीही घरी जायची वाट बघत होती. सीट तिची होती.

मी (इंग्रजीचा निवृत्त मास्तर!) अडखळत बारशाचं सांगितलं. लेकीचं नाव ऐकून आजी हसली. "म्हणजे आमच्या नर्सबाईंचे वडील! मग तुम्ही जा, मी थांबते."

त्यापेक्षा तिनं कुबडी हाणली असती तर बरं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून मीच तिला सीटवर बसवलं. विमान उडालं, दस्ती आतच राहिली.

आम्ही पोचलो दोन दिवसांनी. लेकीनं बारशाचा फोटो दाखवला. पाळण्याशेजारी आजी, तिच्या बाजूला रिकामी खुर्ची, खुर्चीवर माझी दस्ती.

"बाबा, आजीनं आणून देल्ली," लेक म्हणाली. "तुमची जागा धरून ठेवली होती आमी!"

जागा अगदी पुढची होती. बसणारा तेवढा विमानतळावर उभा होता!